ताऱ्यांची गणती आणि मराठी आकाश

छत्तीसगढमधील भिलाई हे पोलादासाठी वसवलेले शहर. भारत आणि सोव्हिएत संघ ह्यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर वसाहत उभी राहिली आणि तिच्यातील वस्त्यांना ग्रामदेवतांची किंवा थोर पुरुषांची नावे न देता आकडे दिले गेले. सेक्टर ६ ही त्यांतलीच एक वस्ती. देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे आली, म्हणून भिलाईला ‘लघु भारत’ म्हणण्याचा प्रघात पडला. त्या माणसांत मराठी कुटुंबेही होती. त्यांना हा मुलूख सर्वस्वी परका नव्हता. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढ नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती.

झोतभट्टी रात्री विझवता येत नाही. एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे अहोरात्र जळते; लोखंडावरची वितळलेली मळी ओतली जाते तेव्हा क्षितिजावर तांबडा उजेड चढतो. दिव्यांच्या ओळी, धूर आणि हा उजेड ह्यांमुळे पोलादनगरीच्या आकाशातले बारीक तारे एकेक करून मावळले. काळोख्या माळरानावर साध्या डोळ्यांना एका वेळी अडीच ते तीन हजार तारे दिसतात. उजळलेल्या शहरात ती संख्या काही शेकड्यांवर, कधी काही दशकांवर येते. ज्या शतकात माणसाच्या डोळ्यांपुढचे तारे असे कमी होत गेले, त्याच शतकात छायाचित्रांतल्या ताऱ्यांची संख्या लाखांतून कोटींत आणि कोटींतून अब्जांत गेली. हे दोन प्रवास एकाच काळाचे आहेत. मराठीतले आकाशविषयक लेखन वाचताना ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. त्या लेखनाला विज्ञानप्रसार ह्या सदरात टाकून वाङ्मयाचा इतिहास पुढे जातो.

तारे मोजणे हा आपल्या परंपरेत विनोदाचा विषय होता. आकाशातले तारे किती, ह्या प्रश्नाला बिरबलाने मेंढीच्या अंगावरच्या केसांइतके असे उत्तर दिल्याची गोष्ट घरोघर सांगितली जाते. पटत नसेल तर मोजून पाहावे, हा तिचा शेवट. अकलेचे तारे तोडणारा माणूस मराठीत हास्यास्पदच ठरतो. ह्याचा अर्थ आपल्याकडे आकाश पाहिले जात नव्हते असा नाही. ग्रीकांच्या परंपरेत टॉलेमीने दुसऱ्या शतकात हजारावर ताऱ्यांची यादी दिली. सूर्यसिद्धांतात मात्र नक्षत्रांचे योगतारे आणि अगस्त्य, मृगव्याध, ब्रह्महृदय असे मोजके तारे येतात. पंचांगाला चंद्राचा मुक्काम सांगणाऱ्या खुणा हव्या होत्या, आणि त्या कामाला सत्तावीस पुरत होत्या. उरलेले आकाश असंख्य म्हणून सोडून देण्यात कमीपणा नव्हता.

लोकपरंपरेची रीत आणखी निराळी. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे ह्यांनी विदर्भातील गोंड वस्त्यांमध्ये जाऊन तेथील आकाशज्ञानाची नोंद केली आणि ती २०१३मध्ये प्रसिद्ध झाली. सप्तर्षींच्या चौकोनाला गोंड लोक म्हातारीची बाज मानतात आणि मागच्या तीन ताऱ्यांना ती पळवू पाहणारे चोर. बाजेची ही कथा मराठी खेड्यांतही ऐकू येते. येथे तारा कुणीतरी असतो, आणि कुणीतरी असण्यासाठी त्याचे नाव व त्याची जागा पुरेशी असते.

ह्या पार्श्वभूमीवर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचे महत्त्व कळते. रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे १८५३ साली जन्मलेल्या ह्या शिक्षकाने ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा इतिहासग्रंथ १८९६मध्ये दिला, त्याची कीर्ती योग्यच आहे. पण सामान्य वाचकांसाठी त्यांनी त्याच दशकात लिहिलेले ‘ज्योतिर्विलास’ हे पुस्तक वाङ्मयाच्या अभ्यासकाने अधिक जवळचे मानायला हवे. ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे त्याचे दुसरे नाव आहे. ह्या नावात एक वाचक गृहीत धरलेला आहे. त्याला अंगण आहे, अंगणावर काळोख आहे आणि जेवणानंतर दोन घटका मोकळ्या आहेत. दीक्षितांचे निधन १८९८मध्ये, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी झाले. त्यांचा वाचक त्यांच्यानंतर फार काळ टिकला नाही.

टिकू न देणारी वस्तू तोवर जन्माला आलेली होती. ती म्हणजे काचेवरचे छायाचित्र. १८८२ साली दक्षिण आफ्रिकेतील केप वेधशाळेत डेव्हिड गिल ह्यांनी एका मोठ्या धूमकेतूची छायाचित्रे काढली, तेव्हा धूमकेतूच्या पाठीमागे आलेले तारे पाहून त्यांनाच नवल वाटले. डोळा क्षणभर पाहतो आणि विसरतो. काच तासभर पाहत राहते आणि आलेला प्रकाश साठवत जाते. गिल ह्यांनी दक्षिण आकाशाची छायाचित्रे घेतली आणि हॉलंडमध्ये कापटाइन ह्यांनी ती मोजली. ह्या मोजणीत तुरुंगातल्या कैद्यांचीही मदत झाली होती. साडेचार लाखांवर ताऱ्यांची ती यादी होती. १८८७च्या एप्रिलमध्ये पॅरिसला ज्योतिर्विदांची परिषद भरली आणि संपूर्ण आकाश छायाचित्रांत उतरवून त्याची यादी करण्याची योजना ठरली. आकाशाचे पट्टे पाडून ते निरनिराळ्या वेधशाळांना वाटून देण्यात आले.

ह्या वाटणीत हिंदुस्थानचा भाग पुढे निजामाच्या हैदराबादेकडे आला. नवाब जफर जंग ह्यांनी १९०१ साली स्वतःच्या खर्चाने वेधशाळा उभारली होती. त्यांच्या मृत्यूनंतर ती संस्थानच्या सरकारने ताब्यात घेतली आणि बेगमपेठेत हलवली. चिलीतील सांतियागोकडून न झालेला विषुववृत्ताच्या दक्षिणेचा १७ ते २३ अंशांचा पट्टा निजामिया वेधशाळेने पुरा करून दिला आणि पुढे उत्तरेचाही एक पट्टा घेतला. चॅटवुड, पोकॉक आणि १९१८नंतर टी. पी. भास्करन् ह्यांच्या देखरेखीखाली हे काम दीर्घकाळ चालले. १२ खंड झाले. त्यांत सुमारे ७,६३,००० ताऱ्यांची नोंद आहे.

हे काम कसे होत असे ते समजून घेतल्याखेरीज ह्या आकड्याचा अर्थ लागत नाही. काचेवर ताऱ्यांबरोबरच बारीक चौकटींची जाळीही उमटवलेली असे. मोजणी करणारा माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून प्रत्येक ठिपका कोणत्या चौकटीत, कडेपासून किती अंतरावर आहे ते वाची आणि त्याच्या तेजाचा अंदाज करी. आकडे रकान्यांत जात. काच ही उलटी प्रतिमा असल्यामुळे तिच्यावर आकाश स्वच्छ आणि तारे काळे दिसत. प्रकाशाने काढलेल्या चित्राला मराठीत छायाचित्र का म्हणावे, अशी शंका अधूनमधून घेतली जाते; निदान ह्या काचांपुरते तरी ते नाव अक्षरशः खरे होते. जी माणसे दिवसा कचेरीत बसून काळे तारे मोजत होती, त्यांची नावे आज कुणाच्या तोंडी नाहीत. हैदराबाद संस्थानात तेव्हा मराठवाड्याचे पाच मराठी जिल्हे होते. त्या जिल्ह्यांतल्या खेड्यांत लोक जे आकाश डोळ्यांनी पाहत होते, त्याच आकाशाचा एक पट्टा राजधानीत रकान्यांनी लिहिला जात होता. ह्या दोन आकाशांची भेट झाली नाही. बारा खंडांत एकाही ताऱ्याला नवे नाव मिळालेले नाही. मिळाला तो काचेचा क्रमांक आणि दोन अंतरे.

पॅरिसची योजना जुनाट होऊन बंद पडली, असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. कामाला अर्धशतकाहून अधिक काळ लागला, आणि तोवर ज्योतिर्विदांचे कुतूहल दुसरीकडे वळले होते. ते शतक संपताना हिप्पार्कस उपग्रहाने ताऱ्यांच्या जागा नव्याने मोजल्या, तेव्हा ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या ह्या जागांना अकस्मात किंमत आली. तारा किती सरकला हे कळण्यासाठी तो पूर्वी कोठे होता हे कुणीतरी लिहून ठेवलेले असावे लागते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या २५ लाख ताऱ्यांच्या टायको-२ ह्या यादीत त्या जुन्या नोंदी कामी आल्या, आणि त्यांत हैदराबादचेही रकाने होते.

पुण्यातही ह्याच काळात एक प्रयत्न झाला. कावसजी दादाभाई नायगमवाला ह्यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी केली. तिची २० इंची दुर्बीण त्या वेळी देशात मोठी गणली जाई. १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला गेले. १९१२मध्ये वेधशाळा बंद होऊन उपकरणे कोडाईकॅनालला गेली, आणि पुण्यात खगोलशास्त्राची मोठी संस्था पुन्हा उभी राहण्यास पाऊणशे वर्षे लागली.

मधल्या काळात आकाशाचे मापच बदलले. १९२३च्या ऑक्टोबरमध्ये माउंट विल्सनवर एडविन हबल ह्यांनी देवयानीतील तेजोमेघाच्या काचेवर एका ठिपक्याला नवतारा म्हणून खूण केली, ती खोडली आणि त्याजागी तो तारा तेजात बदलणारा असल्याचे लिहिले. त्या एका रूपविकारी ताऱ्याच्या आधारे देवयानीचे अंतर काढता आले, आणि तो मेघ आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचे ताऱ्यांचे स्वतंत्र विश्व आहे हे ठरले. लाखो तारे मोजून जे कळले नव्हते ते एका ताऱ्याने सांगितले.

अशा विश्वांना मराठीत दीर्घिका म्हणतात. ज्याने कुणी हा शब्द निवडला, त्याचे संस्कृत चांगले होते. दीर्घिका म्हणजे लांबट तळे, बांधीव जलाशय. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गात अयोध्येच्या उजाड झालेल्या दीर्घिकांमध्ये रानरेडे शिंगे मारतात आणि पाणी आक्रंदते, असे वर्णन येते. आकाशगंगा ही नदी. तेव्हा तिच्यासारख्याच पण दूर, अलग पडलेल्या विश्वांना तळी म्हणावे, ही कल्पना इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या दुधापेक्षा अधिक रेखीव आहे. खेद एवढाच की परिभाषाकोशातल्या पुष्कळ शब्दांप्रमाणे हाही शब्द पाठ्यपुस्तकाच्या बाहेर क्वचितच पडला.

भिलाईचा कारखाना बांधला जात होता त्या १९५७च्या ऑक्टोबरात एक दीर्घ शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल हे त्याचे लेखक. कार्बनपासून पुढची मूलद्रव्ये ताऱ्यांच्या अंतरंगात व त्यांच्या स्फोटांत कशी घडतात, ह्याची त्यात मांडणी आहे. मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यातील ज्वलनाची मालिका लोखंडापाशी थांबते, कारण लोखंडाच्या पुढे जाऊन ऊर्जा मिळत नाही. मग गाभा ढासळतो आणि तारा फुटतो. ह्या स्फोटांतून, तसेच श्वेत बटू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मृत ताऱ्यांच्या स्फोटांतून, लोखंड अवकाशात पसरते. दल्ली-राजहराच्या डोंगरांतून रेल्वेने भिलाईला येणारे खनिज म्हणजे असे अनेक तारे संपल्यानंतर उरलेली वस्तू होय. ज्या भट्टीच्या उजेडाने सेक्टर ६वरचे तारे दिसेनासे झाले, ती भट्टी ताऱ्यांचेच लोखंड वितळवते.

ह्याच हॉइल ह्यांच्याकडे जयंत नारळीकर केंब्रिजला संशोधनासाठी गेले. कोल्हापूरला १९३८मध्ये जन्मलेले नारळीकर वाढले वाराणसीत. त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर तेथील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. भिलाईतल्या मराठी मुलांप्रमाणे त्यांचीही मराठी घरात होती आणि हिंदी रस्त्यावर. त्यांच्या संशोधनाचा आरंभ गणतीच्याच वादाने झाला, ही गोष्ट सूचक आहे. १९६१च्या प्रारंभी मार्टिन राइल ह्यांनी आकाशातल्या रेडिओ स्रोतांची मोजदाद पुढे ठेवली. मंद, म्हणजे दूरचे, स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त भरतात. दूर पाहणे म्हणजे पूर्वीचे पाहणे. अर्थात विश्व पूर्वी निराळे होते आणि त्याला स्थिर स्थितीत मानणारा हॉइल ह्यांचा सिद्धांत टिकत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हॉइल आणि तेवीस वर्षांचेही नसलेले नारळीकर ह्यांनी गणिताने उत्तर दिले. दीर्घिका आकाशात सारख्या विखुरलेल्या नाहीत, फार मोठ्या प्रमाणावर त्यांची दाटी आणि विरळी आहे असे धरले तर मोजदाद तशी येऊ शकते, असा त्यांचा युक्तिवाद होता. ठिपके दोन्ही पक्षांना तेच दिसत होते. वाद होता तो ते ठिपके काय सांगतात ह्याचा.

वादाचा निकाल नारळीकरांच्या बाजूने लागला नाही. १९६५मध्ये विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारणाचा शोध लागला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या पक्षाला गेले. नारळीकरांनी आपली शंका अखेरपर्यंत सोडली नाही. १९९३मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज ह्यांच्यासह त्यांनी स्थिर स्थितीचे सुधारलेले रूप मांडले, तेही फारसे स्वीकारले गेले नाही. परंतु दाटी-विरळीचे त्यांचे गृहीत पोकळ नव्हते. महासमूह हे आता आकाशाच्या नकाशातले सर्वमान्य वास्तव आहे. १९८८मध्ये नारळीकरांच्या पुढाकाराने पुण्यात स्थापन झालेल्या आयुका ह्या संस्थेतील संशोधकांनी, आपल्या सहकाऱ्यांसह, २०१७मध्ये मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेला एक महासमूह जाहीर केला आणि त्याला ‘सरस्वती’ हे नाव दिले. आकड्यांच्या शतकात एका नदीचे नाव पुन्हा आकाशात गेले.

मराठी वाङ्मयात नारळीकर आले ते चोरवाटेने. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटून केलेल्या नारायण विनायक जगताप ह्या नावाने पाठवली, आणि तिला पारितोषिक मिळाले. त्यांच्या कथांतील पात्रे पुष्कळदा एका कल्पनेची वाहक असतात, हा समीक्षेचा आक्षेप खोटा नाही. परंतु त्यांच्या गद्याचा एक गुण तितकाच खरा आहे. अथांग, अगाध, अचिंत्य ह्या विशेषणांचा मोह आकाशावर लिहिणाऱ्या मराठी लेखकाला हटकून होतो. नारळीकर तो टाळतात. अंतर मोठे असेल तर ते कसे मोजले हे सांगतात आणि थांबतात. ‘चार नगरांतले माझे विश्व’ ह्या आत्मचरित्राला २०१४चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला आणि २०२१मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा दीक्षितांनंतर सव्वाशे वर्षांनी आकाशाचे गद्य वाङ्मयाच्या दरबारात पुन्हा बसले. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले.

दीक्षितांचा वाचक अंगणात उभा होता. नारळीकरांच्या वाचकापुढे चित्र आहे. हा फरक केवळ साधनाचा नाही. अंगणातल्या वाचकाला लेखकाचे म्हणणे त्याच रात्री पडताळून पाहता येत होते. चित्र पाहणाऱ्याला लेखकावर विश्वास ठेवावा लागतो, आणि म्हणून लेखकाची जबाबदारी वाढते. अंतराळातील दूरच्या छायाचित्रांविषयी मराठीत सर्रास जे लिहिले जाते त्यात ही जबाबदारी क्वचितच पाळलेली दिसते. त्या चित्रांतल्या असंख्य ताऱ्यांचे गोडवे गायले जातात, परंतु त्या चित्रांत तारे जवळजवळ नसतातच.

१९९५च्या १८ ते २८ डिसेंबर ह्या दहा दिवसांत हबल दुर्बिणीने आकाशाच्या एका कणाएवढ्या जागेकडे टक लावून ३४२ छायाचित्रे घेतली. संपूर्ण आकाशाच्या सुमारे दोन कोटी चाळीस लाखाव्या भागाएवढी ती जागा होती. इतका मोलाचा वेळ रिकाम्या जागेवर घालवणे शहाणपणाचे नाही, असे काही जाणत्यांचे मत होते. ती छायाचित्रे एकत्र केली तेव्हा सुमारे ३,००० ठिपके मिळाले. त्यांतले आपल्या आकाशगंगेतले तारे वीसही नव्हते. बाकीचा प्रत्येक ठिपका ही एक दीर्घिका होती, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे एकेक तळे. २००३-०४मध्ये दुसऱ्या जागेच्या अधिक खोल चित्रात सुमारे १०,००० दीर्घिका आल्या आणि २०२२च्या जुलैमध्ये जेम्स वेब दुर्बिणीने अवघ्या साडेबारा तासांत त्याहूनही मंद ठिपके टिपले. खऱ्या ताऱ्यांची आजची मोठी यादी गाया ह्या उपग्रहाची. २०२२च्या तिच्या आवृत्तीत सुमारे १८० कोटी नोंदी आहेत, आणि तरीही आपल्या आकाशगंगेतल्या ताऱ्यांचा तो एक-दोन टक्क्यांच्या आतबाहेरचा हिस्सा आहे. मोजता आले ते तारे. दूरच्या चित्रांत उरतो तो त्यांचा एकत्रित प्रकाश.

भिलाईपासून जवळच असलेल्या राजनांदगावात १९५८ ते १९६४ ह्या वर्षांत गजानन माधव मुक्तिबोध महाविद्यालयात शिकवत होते. मराठी घरातला हा हिंदी कवी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी. १९६४मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ ह्या संग्रहाच्या शीर्षककवितेत चंद्र वाकड्या तोंडाचा आहे आणि त्याच्या खाली कारखान्याची धुराडी आहेत. औद्योगिक शहराचे आकाश इतक्या निष्ठुरपणे त्या पिढीत कुणी पाहिले नसेल. मराठी कविता बहुतांशी चांदण्यातच राहिली. काचेवरचे काळे तारे तिच्यात आले नाहीत, भट्टीवरचे तांबडे आकाशही फारसे आले नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, एप्रिलमध्ये, रात्री जेवणवेळेनंतर सेक्टर ६मधून उत्तरेला पाहिले तर सप्तर्षींचे ठळक तारे आजही ओळखता येतात. बाजेच्या चार खुरांपैकी जेथून चोरांची रांग सुरू होते तो तारा अत्री. साताही ताऱ्यांत तो मंद, आणि धूर असेल तर तो शोधावा लागतो. १९९५ची ती जागा अत्रीच्या थोडी उत्तरेस आहे. तेथे साध्या डोळ्यांना काही दिसत नाही. भट्टी पेटण्यापूर्वी, भोसल्यांच्या अमलात, गोंडांच्या निबिड काळोख्या रात्रीही तेथे काही दिसत नव्हते.